तीन नंबरची आयर्न आणि अण्णांचा फटका

मित्रांनो, गिरगावातल्या एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, दाराच्या मागे एक लांबडी पोलादी काठी उभी असते. ती मी. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, कुत्री-मांजरं हाकलायला ठेवली असेल. एकदा गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने मला उचलून विचारलं होतं, "काकू, पडद्याचा रॉड आहे काय हा?" मला इतका राग आला म्हणून सांगू. म्हणून आज एकदाचं सांगूनच टाकते. मी गोल्फ खेळायची लोखंडी डोक्याची काठी, तीन नंबरची आयर्न आहे. वयाने जुनी आहे, स्वभावाने जरा फटकळ आहे, आणि ज्यांना मला चालवता आलं नाही त्यांनी माझी जेवढी बदनामी केली, तेवढी कुठल्या सासूचीही कोणी केली नसेल.

लोखंडाचा लालभडक तुकडा ठोकून ठोकून माझं डोकं घडवलं गेलं. मग मला घासून चकचकीत केलं, चेहऱ्यावर बारीक आडव्या रेघा कोरल्या आणि एका लांब दांड्यावर बसवलं. तिसरीपासून नववीपर्यंत आम्ही सात बहिणी. नववी सगळ्यांत बुटकी. तिचा चेहरा आकाशाकडे कललेला, त्यामुळे तिने चेंडूला शिवलं तरी तो उंच जातो. सातवी सगळ्यांची लाडकी, कारण ती कोणालाच दुखवत नाही. मी सगळ्यांत थोरली आणि उंच. माझा चेहरा जवळजवळ उभा. माझ्याकडून फटका नीट बसला, तर चेंडू आधी सपाट निघतो, मग हळूहळू चढत जातो आणि बहिणींच्या चेंडूंपेक्षा कितीतरी लांब जाऊन पडतो. पण तो नीट बसला तर.

अण्णांनी आम्हाला धोबी तलावाच्या एका दुकानातून आणलं. ते तेव्हा बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जहाज कंपनीत नुकतेच साहेब झाले होते आणि कंपनीने त्यांना शहरातल्या एका गोल्फ क्लबाची मेंबरशिप दिली होती. रविवारी पहाटे अण्णा पांढरे बूट घालून, आमची पिशवी खांद्यावर टाकून जिना उतरायला लागले की अख्खी चाळ गॅलरीत यायची. अण्णांना ते आवडायचं. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मैदानावर मात्र आमचं जमेना. आता यात माझा दोष किती आणि त्यांचा किती, ते तुम्हीच ठरवा. मला हातात घेतलं की अण्णांचे खांदे कानापर्यंत चढायचे आणि मूठ अशी आवळली जायची की माझा गळा धरलाय असं वाटावं. माझा उभा चेहरा बघून त्यांना वाटायचं, हिच्याने चेंडू काही वर जायचा नाही, आपणच त्याला खालून उचलून द्यावा. मग ते मागे झुकायचे, मनगटं फिरवायचे, आणि मी एकतर चेंडूच्या आधी मातीत घुसायची, नाहीतर चेंडूच्या टाळक्यावर आपटायची. चेंडू गवतातून घरंगळत थोडं अंतर जायचा. अण्णांच्या हातांना झिणझिण्या यायच्या आणि ते माझ्याकडे असं बघायचे, की जणू मीच त्यांना चावले.

क्लबात शिकवायला संघर्ष नावाचा कोच होता. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेला, चाळ पाडून टॉवर उभा राहतोय म्हणून सध्या भाड्याच्या घरात राहणारा, तिशीतला हसरा माणूस. तो अण्णांना हजारदा सांगायचा, "अण्णा, तुम्ही बॉलला लिफ्ट नका देऊ ना. तो काय तुमचा पाहुणा आहे, हाताला धरून जिना चढवायला? तुम्ही फक्त खाली मारा. वर जायचं काम त्याचं तो करतो."

"कळतं रे मला," अण्णा म्हणायचे. "पण हात ऐकत नाहीत."

मित्रांनो, अण्णांना कपाबिपांची हौस नव्हती. त्यांची इच्छा एकच होती. आयुष्यात एकदा तरी तीन नंबरची आयर्न नीट लागावी. आणि माझीही तीच इच्छा होती. माझ्या चेहऱ्याच्या मधोमध एक जागा आहे. चेंडू बरोबर तिथे लागला तर मारणाऱ्याच्या हाताला काही लागल्यासारखंच वाटत नाही, असं आमच्यात म्हणतात. इतक्या वर्षांत माझी खालची कड झिजली, टोक खरवडलं गेलं, पण ती मधली जागा दुकानातून आणली तशी कोरी राहिली होती.

मग बाजारात हायब्रिड नावाची नवी काठी आली. जाडसर गोल डोक्याची, गोड स्वभावाची, कशीही मारा, चेंडू उचलून देणार. माझ्या वयाच्या सगळ्या आयर्न तिने घरी बसवल्या. अण्णांनीही एक घेतली आणि मला पिशवीतून काढून दाराच्या मागे ठेवलं. त्या रात्री पिशवीत माझ्या जागी ती झोपली, आणि मला तेच जास्त लागलं.

पण घरात नलूबाई होत्या. नलूबाई म्हणजे अण्णांच्या पत्नी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, अंगाने बारीक आणि आवाजाने खणखणीत. त्यांची कपडे वाळत घालायची बांबूची काठी नेमकी त्याच आठवड्यात मोडली होती. त्यांनी मला उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "लांबी बरोबर आहे." तेव्हापासून गॅलरीतल्या उंच दोरीवर सदरे, लुगडी, चादरी चढवायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या वाकड्या डोक्यावर चादर अडकवून त्या एका झटक्यात ती दोरीवर टाकायच्या. चेंडू नाही तर नाही, चादर तरी उंच जायची. काम झालं की मला कोरड्या फडक्याने पुसायच्या. प्रेमाने नव्हे, अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्याला गंजाचे डाग पडू नयेत म्हणून. तरी पुसणं ते पुसणंच. बरीच वर्षं मी अशी सुखात काढली.

आता नलूबाईंबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या चाळीच्या महिला संघाच्या ओपनिंग बॅट्समन होत्या, आणि साठी उलटल्यावरही आहेत. आमच्या चाळीच्या अंगणात अंडरआर्म क्रिकेट चालतं, आणि तिथला कायदा कडक आहे. चेंडू टप्पा न पडता पहिल्या मजल्याच्या कठड्याच्या वर गेला की आऊट. कारण वर कोणाचं पापड-कुरडयांचं वाळवण असतं, कोणाच्या काचा असतात. पहिल्या मजल्यावर, बरोबर मध्ये, कमळाबाई खुर्ची टाकून बसतात. वय ऐंशीच्या पुढे, गाव मालवणकडचं, आणि अंपायर त्याच. त्यांच्या कठड्याच्या वर चेंडू गेला की त्या हातातलं गवारीचं ताट न सोडता सांगतात, "वर गेलो. आऊट." त्यावर अपील नाही. लहानपणापासून या कायद्यात वाढलेल्या माणसाच्या हाताला चेंडू उचलायची सवयच लागत नाही. फटका मारला की पळायचं, ही दुसरी सवय मात्र पक्की लागते.

गेल्या वर्षी अण्णांना सत्तरावं लागलं. कंपनीची मेंबरशिप डिसेंबरअखेर संपणार होती, आणि त्यातच डॉक्टरांनी सांगितलं की जानेवारीत दोन्ही गुडघे बदलायचे, मग गोल्फ विसरायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गॅलरीत येऊन मला दोरीवरून काढलं. माझ्या डोक्यावर अर्धवट चढलेला टॉवेल होता, तो खाली पडला.

"अहो, काय चाललंय?" नलूबाई म्हणाल्या. "मी कपडे कशाने वाळत घालू?"

"डिसेंबरपर्यंत थांब," अण्णा म्हणाले. "एकदा नीट मारून बघायचीय मला ही. एकदाच."

ते मला घेऊन अंगणात गेले. सोबत भोकाभोकांचे प्लास्टिकचे चेंडू होते, त्यांनी काच फुटत नाही. त्यांनी पाय रोवले, मूठ आवळली, खांदे कानाला लावले आणि चेंडूला जिवाच्या आकांताने वर उचललं. चेंडू घरंगळत नळापाशी गेला. दुसरा गेला मोरीत. तिसऱ्याला मी लागलेच नाही. गॅलऱ्यांतून चाळ बघत होती. कमळाबाईंनी तर गवार निवडायची थांबवली होती.

नलूबाई बादलीभर ओले कपडे गॅलरीत तसेच ठेवून खाली आल्या. "झालं तुमचं? द्या इकडे." मला घेऊन जिन्याकडे वळताना पायाशी चेंडू दिसला. नलूबाईंनी सहज, चादर टाकताना मला जसं अलगद धरतात तसं धरलं, आणि चेंडूला एक दिली.

मित्रांनो, ती जागा. माझ्या चेहऱ्याची मधली, कोरी जागा. प्लास्टिकचा चेंडू हलका, त्याने पुरती ओळख पटत नाही, पण लागला तो तिथेच. चेंडू सपाट निघाला, थोडा चढला आणि कमळाबाईंच्या कठड्याच्या वीतभर खालून समोरच्या भिंतीवर टपकन आपटला.

"नॉट आऊट," कमळाबाई म्हणाल्या.

आणि नलूबाई मला हातात घेऊन धावत सुटल्या. समोरच्या भिंतीला हात लावून परत आल्या, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की हे क्रिकेट नाही. वरून सगळी चाळ हसत होती. अण्णा मात्र उभे होते तिथेच उभे होते. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपर वाचता वाचता, पेपरच्या मागूनच, त्यांनी विचारलं, "काय केलंस गं तू?"

"कशाचं काय?"

"काल. फटका."

नलूबाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्या म्हणाल्या, "काहीच नाही केलं. वर गेला की आऊट, म्हणून वर मारायचाच नाही. एवढंच डोक्यात असतं. तुम्ही त्याला उचलायला जाता ना, तिथेच गडबड होते."

"संघर्ष तेच सांगतो."

"मग ऐकत का नाही त्याचं?"

"त्याच्या तिथे आऊट द्यायला कोणी नसतं," अण्णा म्हणाले.

त्या दिवसापासून, मित्रांनो, आमच्या चाळीने एक नवल पाहिलं. महिला संघाची प्रॅक्टिस संपली की सत्तरीचे अण्णा अंगणात उतरायचे आणि नलूबाई त्यांना शिकवायच्या. पहिला नियम, मारताना बोलायचं नाही. अण्णांना जगाला शिकवायची सवय, त्यामुळे हा नियम त्यांना फार जड गेला. दुसरा नियम, मूठ सैल. ती काही केल्या सैल होईना, तेव्हा नलूबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन लाटणं हातात दिलं. "पोळी फाटणार नाही एवढ्याच जोराने धरायचं." अण्णांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पोळ्या लाटल्या. पहिल्या काही फाटल्या, त्या त्यांनी स्वतःच खाल्ल्या. तिसरा नियम कमळाबाईंचा. अण्णा चेंडू उचलायला गेले, की तो वर जावो वा न जावो, त्यांना अण्णांच्या खांद्यांवरून आधीच कळायचं. चेंडू घरंगळत मोरीत गेला तरी त्या वरून सांगायच्या, "मनात वर गेलो. आऊट."

हळूहळू अण्णांचे खांदे खाली आले. माझ्या गळ्यावरची मूठ सुटली. चेंडू कधी कडेला लागायचा, कधी टोकाला, पण मी मातीत घुसत नव्हते. मधली जागा मात्र त्यांना सापडली नव्हती, आणि दिवाळी उलटून गेली होती.

क्लबात डिसेंबरात नवरा-बायकोंच्या जोड्यांची स्पर्धा असते. चेंडू एकच, आणि तो दोघांनी आळीपाळीने मारायचा. या स्पर्धेने जितकी भांडणं लावली आहेत तितकी क्लबातल्या निवडणुकीनेही लावली नसतील. दरवर्षी अण्णा नलूबाईंना प्रत्येक फटक्याआधी व्याख्यान द्यायचे आणि त्यांची जोडी दरवर्षी शेवटून दुसरी यायची. त्या वर्षी अण्णांनी मला पिशवीत घातलं. सातवी म्हणाली, "आलीस?" मी म्हटलं, "आले." हायब्रिड शेजारीच होती, तिने सरकून जागा दिली. वाईट नाही ती, मीच उगाच राग धरून बसले होते.

पिशवी उचलायला मुद्दाम संघर्ष आला होता. अण्णांचा हा शेवटचा खेळ आहे, हे त्याला ठाऊक होतं. या वेळी अण्णा तोंडातून शब्द काढत नव्हते, त्यामुळे नलूबाई सुरेख खेळत होत्या. फटका मारला की दोन पावलं धावायच्या आणि मग थांबायच्या, एवढंच. खेळता खेळता दोघं चक्क पहिल्या नंबरवर येऊन पोचले. शेवटच्या भोकाला आणखी एक जोडी त्यांच्या बरोबरीत होती. नलूबाईंनी सुरुवातीचा फटका मारला, चेंडू गवताच्या मधोमध जाऊन पडला. आता पाळी अण्णांची. समोर दूरवर हिरवळ, तिच्यात भोक, आणि हिरवळीच्या मागे एक छोटं तळं.

सकाळपासून मला कोणी हात लावला नव्हता. हायब्रिडनेच सगळं काम केलं होतं. आत्ताही शहाण्या माणसाने तीच घेतली असती. अण्णांनी नलूबाईंकडे पाहिलं. नलूबाईंनी पिशवीतून मला बाहेर काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

संघर्ष हळूच म्हणाला, "अण्णा, एवढ्याला तीन नंबर जास्त होईल हां. नीट लागली तर लय लांब जाईल."

"नीट कधी लागलीये?" अण्णा म्हणाले. "माझ्या हातून ही जाते तिथपर्यंतच."

बिचाऱ्यांचा हिशेब बरोबरच होता. माझे जेवढे फटके त्यांनी पाहिले होते, त्यांत सगळ्यांत लांब गेलेला जेमतेम तेवढाच गेला होता.

ते चेंडूपाशी उभे राहिले. मी त्यांच्या हातांतून ऐकत होते. मूठ सैल. खांदे खाली. गुडघे दुखत होते, तेही कळत होतं. एक क्षण मला वाटलं, आता आवळणार. मनातल्या मनात मी कमळाबाईंचा धावा केला. पण अण्णांनी मला शांतपणे मागे नेलं आणि तितक्याच शांतपणे खाली आणलं, चेंडूवर.

काही लागलंच नाही. अगदी आमच्यात म्हणतात तसं. फक्त एक छोटासा, कोरडा टक् आवाज झाला आणि चेंडू गेलेला होता. सपाट निघाला, मग चढायला लागला, चढतच राहिला. अण्णा मला खांद्यावर घेऊन तोंड उघडं ठेवून बघत होते. चेंडू भोकाच्या अगदी रेषेत होता. तो हिरवळीवर आला, भोकाच्या वरून गेला, हिरवळीच्या पलीकडे गेला, आणि तळ्यात पडला. पाण्याचा आवाज आमच्यापर्यंत आला.

दुसऱ्या जोडीतले साहेब टोपी काढून डोकं खाजवायला लागले. मग अण्णा वळले. मित्रांनो, स्पर्धा हातची गेली होती आणि त्या माणसाच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं होतं.

"नलू," ते म्हणाले, "पाहिलंस?"

"पाहिलं की. किती छान गेला हो." आणि मग त्यांना बक्षिसाची आठवण झाली. "पण इडलीचा कुकर होता ना, पहिल्या नंबराला."

"मी आणतो तुला कुकर. दोन आणतो. संघर्ष, तू पाहिलास ना?"

"पाहिला, अण्णा," संघर्ष म्हणाला. "मी सांगितलं होतं, लांब जाईल."

ते एका फटक्याने हरले. समारंभात अण्णांनी दुसऱ्या जोडीचं असं भरभरून अभिनंदन केलं की ते दोघं गोंधळून गेले. मी तेव्हा अण्णांच्या खुर्चीला टेकून उभी होते, आणि माझ्याइतकं खूश त्या हॉलमध्ये फार तर एकच जण असेल.

जानेवारीत अण्णांचे गुडघे बदलले. आता ते जिना सावकाश चढतात-उतरतात, पण खेळ संपला. माझ्याकडून नीट बसलेला तो त्यांचा पहिलाही फटका ठरला आणि शेवटचाही. तब्येत विचारायला लोक येतात आणि शेवटच्या स्पर्धेचं काय झालं, म्हणून विचारतात. अण्णा छाती काढून सांगतात, "चेंडू तळ्यात गेला." ऐकणाऱ्याला कळत नाही, हसावं की वाईट वाटून घ्यावं. नलूबाई चहा टाकायला आत जातात, कारण पुढची हकिगत चहाला पुरेल एवढी लांब असते.

माझं म्हणाल, तर मी पुन्हा कपडे वाळत घालते. नलूबाईंनी नवी काठी आणायची म्हटलं होतं, पण अण्णांनीच नको म्हटलं. दाराच्या मागे नुसतं उभं राहून माणूस काय किंवा काठी काय, गंजतेच, असं ते म्हणाले, आणि ते मला पटलं. अधूनमधून नलूबाई मला घेऊन अंगणात उतरतात आणि अण्णा गॅलरीतून बघतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी अवघड वस्तू असेल. एखादी पेटी, जिचे सूर तुमच्या हातून नीट निघत नाहीत. एखादी शिलाई मशीन, जी नेहमी दोरा तोडते. एखादं माणूसही असेल. टाकून देण्याआधी मूठ जरा सैल करून बघा. आम्हाला जोराने उचलावं लागत नाही. आम्हाला वर जाता येतं, फक्त तुम्ही घाई करू नका. आणि काम झालं की कोरड्या फडक्याने पुसायला विसरू नका, पाणी राहिलं की मला डाग पडतात.